मूव्हर चालेना की ब्रेक सोडेना? सेकंडहँड कॅरव्हॅन घेतलेल्यांसाठी

रिमोटचं बटण दाबलं, मोटर नुसतीच कण्हली आणि दीड टनाची कॅरव्हॅन जागची हलली नाही, की नव्या मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ‘मूव्हर गेला’ हाच. मूव्हर म्हणजे कार न जोडता कॅरव्हॅन इकडे-तिकडे हलवणारी, बॅटरीवरची मोटर. मग वर्कशॉपला फोन आणि नव्या मूव्हरच्या किमतींची शोधाशोध सुरू होते. बऱ्याचदा मूव्हर ठणठणीत असतो. एक तर बॅटरीत जीव नसतो, नाहीतर हिवाळाभर ओलाव्यात उभ्या राहिलेल्या कॅरव्हॅनचा ब्रेक चाकाला धरून बसलेला असतो. मूव्हर आणि ब्रेक एकाच चाकावर काम करतात. एकाला ते फिरवायचं असतं, दुसऱ्याला थांबवायचं असतं. म्हणून दोष शोधताना आधी या दोघांना वेगळं करायचं, मगच पाने हातात घ्यायचे.

हा लेख ब्रिटनमध्ये राहून गाडीमागे जोडायची कॅरव्हॅन सेकंडहँड घेतलेल्यांसाठी आहे. १६ डिसेंबर २०२१ पासून इथल्या साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. सोय झाली, पण त्या परीक्षेच्या निमित्ताने जे कानावर पडायचं तेही आता आपलं आपणच शिकावं लागतं. शिवाय कॅरव्हॅनला कारसारखी सक्तीची वार्षिक एमओटी तपासणी नाही. आधीच्या मालकाने ब्रेक शेवटचे कधी उघडून पाहिले होते, हे कागदावर असेलच असं नाही. सर्व्हिसच्या पावत्या नसतील तर ब्रेक तपासलेले नाहीत असंच धरून चाला.

आत काय असतं

मूव्हर म्हणजे प्रत्येक चाकाजवळ चासीला, म्हणजे कॅरव्हॅनच्या खालच्या सांगाड्याला, आवळून बसवलेली १२ व्होल्टची मोटर आणि तिच्या टोकाला ॲल्युमिनियमचा रोलर. रोलर टायरवर दाबला जातो आणि टायरला फिरवतो. काही मॉडेलमध्ये रोलर हाताने, लांब दांडा फिरवून दाबावे लागतात. काहींत रिमोटवरूनच दाबले जातात. कंट्रोल बॉक्स बहुधा पलंगाखालच्या खणात सापडतो. वीज येते ती फक्त कॅरव्हॅनच्या लेझर (leisure) बॅटरीतून, म्हणजे कॅरव्हॅनच्या आतल्या वापरासाठी असलेल्या तिच्या स्वतःच्या बॅटरीतून. कॅम्पिंगच्या साइटवर विजेची केबल जोडली की मूव्हर तिच्यावर चालेल, असा नवख्यांचा समज असतो. तसं होत नाही. सपाट जागेवर मूव्हर वीस-तीस अँपिअर ओढतो, चढावर किंवा खडीत त्याची भूक शंभरच्याही पुढे जाते. कॅरव्हॅनमधला चार्जर जेमतेम १५ ते २५ अँपिअर देतो. बाकीचा सगळा भार बॅटरीवर.

ब्रेक त्याहून हुशार आहे आणि त्यात वीज अजिबात नाही. भरलेली बैलगाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते, तशी तुम्ही कारचा ब्रेक दाबला की मागची कॅरव्हॅन कारवर येते. त्या रेट्याने कॅरव्हॅनला कारशी जोडणाऱ्या पुढच्या हिचमधली नळी आत सरकते, तिच्यामागचा दांडा ओढला जातो आणि दांड्याला जोडलेल्या केबली दोन्ही चाकांतले ब्रेक शू (घासून पकड घेणारे वक्र तुकडे) चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर दाबतात. याला ओव्हररन ब्रेक म्हणतात. हँडब्रेकचा लिव्हर याच दांड्याला ओढतो. नळी धाडकन आत जाऊ नये म्हणून आत एक डॅम्पर असतो.

मग रिव्हर्स घेताना काय? तेव्हाही नळी आत दाबली जाते, म्हणजे नको असताना ब्रेक लागणार. ते टाळायला ड्रममध्ये ऑटो-रिव्हर्स यंत्रणा असते. चाक उलटं फिरू लागलं की एक शू थोडा मागे सरकून पकड सोडतो. १९८९ पासून इथे बनलेल्या कॅरव्हॅनमध्ये ती असतेच. या एका गोष्टीमुळे पुढच्या बऱ्याच खुणा वेगळ्या दिसतात, म्हणून ती लक्षात असू द्या.

हात लावण्याआधी

कॅरव्हॅन सपाट, कडक जमिनीवर आणा आणि शक्य असेल तर कारला जोडलेलीच ठेवा, कारचा हँडब्रेक लावून. जोडल्यावर कार अगदी किंचित पुढे घ्या, म्हणजे हिचची नळी बाहेर ओढलेली राहील. ती आत दबलेली असेल तर ब्रेक लागलेलाच असतो आणि तुमची सगळी तपासणी चुकते. जे चाक उचलायचं त्याच्या समोरच्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून पाचर लावा. इथे दुकानात त्याला चॉक म्हणतात. जॅक फक्त चासीवर दिलेल्या जागीच लावायचा. चार कोपऱ्यांचे पाय कॅरव्हॅन डुगडुगू नये म्हणून आहेत, वजन उचलायला नाहीत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या कॅरव्हॅनखाली डोकं घालायचं नाही, स्टँड हवाच.

पहिलं पाऊल : कोण अडतंय ते ठरवा

रोलर टायरपासून पूर्ण बाजूला घ्या, हँडब्रेक सोडा, एक चाक जॅकवर उचला आणि हाताने पुढच्या दिशेने फिरवा. फक्त पुढच्याच दिशेने. उलटं फिरवलंत तर ऑटो-रिव्हर्स मध्ये येतो आणि खोटं उत्तर मिळतं. हलकी खरखर ऐकू आली तर चिंता नको, शू जरासा घासतच असतो. पण चाक जड जात असेल, किंवा एका ठिकाणी अडत असेल, तर दोष ब्रेकमध्ये आहे आणि मूव्हर बिचारा विनाकारण बदनाम होतोय. फिरताना घरघर येत असेल, किंवा चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळत असेल, तर बेअरिंग. दोन्ही चाकं मोकळी फिरली तर मूव्हरकडे वळा.

हे करायला अर्धा तास लागतो. मला विचाराल तर कॅरव्हॅन विकत घेतानाच, पैसे देण्याआधी, हे करून बघावं. विकणाऱ्याने कुरकुर केली तर तेही एक उत्तरच आहे.

मूव्हरची तपासणी

सोप्यापासून सुरुवात करा, कारण बहुतेक वेळा तिथेच गाठ सापडते.

१. कोपऱ्यांचे चारही पाय वर आहेत का? हँडब्रेक सुटलाय का? चाकांखालचे चॉक काढलेत का? हसू नका, साइटवर पोचल्यावर पोरं भुकेने रडत असताना हे सगळ्यांकडून राहतं. पुढच्या छोट्या जॉकी चाकाकडेही बघा. ते खडीत रुतलं असेल किंवा त्याची फिरकी गंजली असेल, तर मूव्हर कितीही ताकदीचा असो, कॅरव्हॅन वळत नाही.

२. कारला जोडलेला १३ पिनांचा प्लग काढा. प्लग लावलेला असताना कॅरव्हॅन हलू नये म्हणून अनेक मूव्हर मुद्दाम बंद राहतात.

३. मूव्हरचा आयसोलेटर, म्हणजे बॅटरीच्या खणाजवळचा लाल किल्लीचा स्विच, चालू आहे का बघा. मग रिमोटची बॅटरी बदला. जुनी काढून पुसून परत घालू नका, नवी घाला. बरेच रिमोट काही मिनिटं हात न लावल्यास आपोआप बंद होतात. तो दोष नाही.

४. आता लेझर बॅटरी. स्वस्तातला मल्टिमीटर घ्या, या कामात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. चार्जर काढून काही तास शांत ठेवलेल्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीने १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ती भरलेली आहे, १२ च्या जवळ आली तर जवळजवळ रिकामी. पण शांत बसलेली बॅटरी फसवते. खरी परीक्षा भाराखाली. एकाने रिमोट दाबायचा, दुसऱ्याने त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरायचा. आकडा झर्रकन साडेदहाच्या खाली घसरला तर बॅटरी म्हातारी झाली आहे, भले ती चार्ज करून ‘फुल’ दाखवत असेल.

५. बॅटरीवर १२ च्या आसपास टिकतंय, तरीही मूव्हर कण्हतोय? मग मीटर कंट्रोल बॉक्सच्या तोंडाशी, जिथे जाड केबली आत शिरतात तिथे लावा आणि तीच चाचणी परत करा. बॅटरीवर १२ आणि बॉक्सवर साडेदहा दिसलं, तर मधले दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर, ढिला नट, जळका आयसोलेटर, गंजका फ्यूज होल्डर हे नेहमीचे चोर. बॅटरीची केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. थर गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करा, वाळवा, घट्ट आवळा. केबल चालवताना तापत असेल तर त्याच जागी दोष आहे, हे हात लावूनही कळतं. कंट्रोल बॉक्सवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो याचा अर्थ मॅन्युअलमध्ये असतो. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून अंदाज बांधू नका.

६. एकच बाजू चालते, दुसरी नाही? कंट्रोल बॉक्सवर डाव्या-उजव्या मोटरच्या जोड्या अदलून बघता येतात. बॅटरी सोडवून, आधी फोटो काढून, जोडी बदला. दोष दुसऱ्या बाजूला सरकला तर कंट्रोल बॉक्स गेलेला; त्याच बाजूला राहिला तर मोटर किंवा तिची केबल. चासीखालून जाणारी केबल दगडाने सोलली गेली आहे का तेही बघा. कॅरव्हॅन वॉरंटीत असेल तर मात्र बॉक्स उघडू नका.

७. मोटर फिरते, रोलर फिरतो, पण टायरवरून घसरतो. टायर ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर पुसा. रोलरच्या खाचांत माती भरली असेल तर कडक ब्रशने काढा. प्रेशर वॉशरचा फवारा मोटरच्या सीलवर मारू नका. टायरमधली हवा मोजा. हवा कमी असली की टायर रोलरपुढे नुसताच दबतो. मग दोन्ही बाजूंचे रोलर सारखे आत दाबले जातायत का बघा. रोलर बाजूला घेतल्यावर टायरपासून साधारण २० मिलिमीटर अंतर राहायला हवं, अचूक आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. एका बाजूला हे अंतर वाढलेलं असेल तर चासीवर आवळलेला मूव्हरचा पट्टा सरकलाय. हे नुसतं गैरसोयीचं नाही. उलट दिशेला सरकून रोलर टायरला टेकला तर महामार्गावर टायर फाटू शकतो. टायर बदलल्यावरही हे अंतर पुन्हा तपासायचं असतं, आणि टायर बदलणाऱ्या दुकानात ते कोणी सांगत नाही.

आणखी एक सवय आत्ताच लावून घ्या. कॅरव्हॅन जागेवर आणल्यावर आधी हँडब्रेक ओढायचा, मग रोलर सोडवायचे. उलट केलंत आणि जागा उताराची असली तर कॅरव्हॅन शेजाऱ्याच्या तंबूत. रोलरला पार्किंग ब्रेक समजून आठवडाभर तसंच ठेवू नका, टायरला खळगा पडतो.

ब्रेकची तपासणी

ब्रेक धरून बसलाय, असं पहिल्या पावलात कळलं असेल तर कारण तीनपैकी एक असतं : शू ड्रमला गंजून चिकटलाय, केबल आतून गंजून अडकली आहे, किंवा कोणीतरी नको तिथे पाना फिरवून ठेवलाय.

चिकटलेला शू बहुधा हिवाळ्यानंतर भेटतो. हँडब्रेक लावून महिनोन्‌महिने उभी ठेवली की शूचा लायनर, म्हणजे त्यावरचा घासणारा थर, ड्रमला गंजाने धरतो. सोडवताना कारने हिसके देऊ नका, लायनर शूपासून सुटून आत अडकतो आणि शंभर पौंडांचं काम मोठं होतं. हँडब्रेक सोडून कॅरव्हॅन हलकेच पुढे-मागे झुलवा, चाक काढून ड्रमवर रबरी हातोडीने गोल फिरत ठोका. बहुतेक वेळा ‘टक’ आवाज करून सुटतो.

केबलचा दोष असा ओळखा : हँडब्रेक कोणाला तरी ओढून सोडायला सांगा आणि ॲक्सलच्या मध्यावर, जिथे दोन्ही बाजूंच्या केबली एका आडव्या पट्टीला येऊन मिळतात, तिथे बघा. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही केबली मागे गेल्या पाहिजेत. एक गेली, दुसरी तशीच ताणलेली राहिली, तर ती बदला. तेल सोडून तात्पुरती हलेल, पुढच्या पावसाळी ट्रिपला पुन्हा अडेल. आणि ब्रिटनमध्ये पावसाळी नसलेली ट्रिप असते कुठे?

तिसऱ्या कारणावर जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त ब्रेक यानेच बिघडतात. लायनर झिजले की हँडब्रेक लिव्हर खूप वर यायला लागतो. तो कमी करायला लोक मधल्या दांड्याचा नट आवळतात, कारण तो चटकन हाताला येतो. लिव्हर ठीक होतो, पण शू अर्धवट ओढलेले राहतात. मग ऑटो-रिव्हर्सला मागे सरकायला जागा उरत नाही आणि कारने रिव्हर्स घेताना कॅरव्हॅन रुतल्यासारखी अडते. मूव्हरने मागे घेताना मात्र ती बरी चालते, कारण तेव्हा हिचची नळी दाबली जात नाही. कारने रिव्हर्स होत नाही, मूव्हरने होते, एवढी खूण दिसली तर ॲडजस्टमेंट चुकली आहे किंवा ऑटो-रिव्हर्स गंजलाय.

योग्य क्रम चाकाकडून हिचकडे जातो. अल-को कंपनीच्या चासीसाठी तो असा : मधला दांडा ढिला करा. चाक उचला. ड्रमच्या मागच्या पत्र्यावरचं प्लॅस्टिकचं बूच काढा; आत दातेरी चकती आहे आणि पत्र्यावर बाण असतो. चाक पुढे फिरवत स्क्रूड्रायव्हरने चकती बाणाच्या दिशेने फिरवा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. मग उलट दिशेने, चाक पुढच्या दिशेला मोकळं फिरेपर्यंत. दुसऱ्या चाकालाही तसंच. त्यानंतर केबलची आतली तार ओढून बघा, ५ ते ८ मिलिमीटर बाहेर यायला हवी. सगळ्यांत शेवटी दांड्याचा ढिलेपणा काढा, पण ताण येईल इतका आवळू नका. नॉट किंवा बीपीडब्ल्यू चासी असेल तर तत्त्व हेच, पण ॲडजस्टर आणि आकडे वेगळे. त्यांचं मॅन्युअल उतरवून घ्या.

ॲडजस्टमेंट बरोबर असूनही कारचा ब्रेक दाबल्यावर मागून ‘खट्ट’ असा धक्का बसत असेल तर डॅम्पर बघा. कॅरव्हॅनचा हँडब्रेक लावा आणि कार अगदी हळू मागे घेऊन हिच आत दाबा. नळी जोर लावल्यावरच, एकसारख्या विरोधाने आत जायला हवी आणि दाब काढल्यावर सावकाश आपोआप बाहेर यायला हवी. सुळकन आत गेली तर डॅम्पर मेलेला. बाहेर आलीच नाही तर आत ग्रीस नाही किंवा गंज आहे. नळीवर ग्रीस भरायचे निपल असतात, तिथे ग्रीसगनने ग्रीस मारा. पण हिच स्टॅबिलायझरवाला असेल तर टो बॉलला, म्हणजे हिच ज्यावर बसतो त्या कारच्या मागच्या गोळ्याला, ग्रीसचा थेंबही लागू देऊ नका. त्याचे पॅड बॉलला घट्ट घासूनच कॅरव्हॅनचं डोलणं रोखतात.

ब्रेकअवे केबल ही लाल प्लॅस्टिकच्या आवरणातली बारीक तार शोभेची नाही. हिच सुटला तर ती हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. टो बारवर तिच्यासाठी दिलेल्या कडीतच अडकवा. साधा क्लिप असेल तर तार कडीतून ओवून क्लिप तिच्याच तारेवर लावायचा; क्लिप थेट कडीत लावायचा तर तो त्यासाठी बनवलेला, मजबूत कॅराबिनर प्रकारचा हवा. वळणावर ताणली जाणार नाही इतकी ढिली, रस्त्यावर घासणार नाही इतकी आखूड. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आणि ब्रेक असलेल्या कॅरव्हॅनला ही तारही.

उतारावर हँडब्रेक ओढल्यावर कॅरव्हॅन वीतभर मागे सरकली तर घाबरू नका. ऑटो-रिव्हर्स आधी सुटतो, मग लिव्हर आणखी वर जाऊन पकड घेतो. म्हणूनच चॉक आधी लावायचे.

जे घरी करू नये

ड्रम काढू नका. अल-कोच्या सीलबंद बेअरिंगच्या हबवरचा (चाकाच्या मध्यभागावरचा) मोठा नट एकदाच वापरायचा असतो. ड्रम काढला की नवा नट, आणि तो २९० न्यूटन मीटरला आवळायचा. घरच्या टॉर्क रेंचची झेप बहुधा तिथवर नसते. जुना नट परत लावून महामार्गावर जाणं म्हणजे चाक हरवण्याची तयारी. आत लायनर किती उरलेत, ऑटो-रिव्हर्स हलतोय का, हे बघायचं असेल तर ॲप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधलं वर्कशॉप गाठा. त्यातले बरेचजण घरी येऊनही सर्व्हिस करतात. ड्रममधली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो.

रस्त्यावरची चाचणी

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवा. इथे कॅरव्हॅनसह दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल ताशी ५० मैल आणि महामार्गावर ६० मैल ही मर्यादा आहेच. थांबल्यावर हाताची मागची बाजू दोन्ही हबजवळ न्या, लगेच टेकवू नका. दोन्ही सारखे कोमट असतील तर ब्रेक सारखा लागतोय. एक चटका देत असेल तर तो धरतोय किंवा त्याचं बेअरिंग चाललंय. एक पार थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही, आणि हा दोष जास्त धोक्याचा, कारण चालवताना तो जाणवत नाही. जळक्या लायनरचा वास आला तर थांबा. हँडब्रेक अर्धा लागलेला राहिलाय का, ते पहिल्यांदा बघा.

हिवाळ्यात उभी करताना हँडब्रेक सोडून ठेवा, दोन्ही चाकांना चॉक लावा आणि जागा सपाट निवडा. लेझर बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करा, मूव्हरचा आयसोलेटर बंद ठेवा, आणि महिन्याकाठी कॅरव्हॅन थोडी पुढे-मागे करा, म्हणजे टायर एकाच जागी दबून राहणार नाहीत.

वर्कशॉपला फोन करायची वेळ आलीच तर ‘मूव्हर चालत नाही’ एवढंच सांगू नका. चासी कोणत्या कंपनीची, मूव्हरचं मॉडेल काय, बॅटरीवर भाराखाली किती व्होल्ट, कंट्रोल बॉक्सवर किती, कोणती बाजू, आणि चाक उचलल्यावर हाताने फिरतं की नाही, हे कागदावर लिहून घ्या. समोरचा माणूस योग्य पार्ट घेऊन येतो आणि एका फेरीचे पैसे वाचतात.